आभाराचा फ्लेक्स

१२ नोव्हेंबर

चौदावी तक्रार आज टाकली. विषय तोच — सोसायटीसमोरचा रस्ता. पाण्याची पाइपलाइन टाकायची म्हणून मे महिन्यात खणला, तो तसाच पडलाय. फाटकाला लागून चर, चरावर एक लाकडी फळी. फळीवरून मी जातो, कुत्री जातात, माझी बायको विनया जाऊ शकत नाही. तिचे गुडघे कामातून गेलेत. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर दीड महिना फिजिओथेरपीला यावं लागेल, रोज सपाट जागेवर चालावं लागेल. मी म्हटलं, रस्ता झाला की करू. सहा महिने ती खाली उतरलेली नाही.

पत्र मात्र फक्कड जमलंय. छत्तीस वर्षं विमा कंपनीत पत्रं लिहिली, ती वाया नाही गेली.

१४ नोव्हेंबर

वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो. कल्पेश नावाचा क्लार्क. "काका, आत्ता डांबर टाकलं तर पाइपसाठी परत खणावं लागेल." मग टाका पाइप! "टाकून उपयोग काय? मोठ्या लाइनचं पाणी पुढच्या टप्प्यात आहे."

म्हणजे पाणी नाही म्हणून पाइप नाही, पाइप नाही म्हणून रस्ता नाही, आणि रस्ता नाही म्हणून टँकरही फाटकापर्यंत येत नाही. नियोजनात चूक काढायला जागाच ठेवलेली नाही. चहा चांगला पाजला त्याने.

१९ नोव्हेंबर

सुचलं! तक्रारीने माणूस चिडतो, कौतुकाने लाजतो. फ्लेक्स लावायचा — ‘रस्ता पूर्ण केल्याबद्दल भूपेशभाऊंचे जाहीर आभार’. भूपेशभाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. चार लोकांनी वाचलं की रस्ता करावाच लागेल त्यांना.

कमिटीत मांडलं. फ्लॉईड म्हणाला, "सदानंदराव, आधी काम, मग आभार ना?" त्याला माणसं कळत नाहीत. घरी विनया म्हणाली, "अहो, खोटं कशाला लिहायचं?" तिला राजकारण कळत नाही.

२३ नोव्हेंबर

फ्लेक्स लागला. भाऊंच्या खाली माझाही फोटो. बरा आलाय.

२७ नोव्हेंबर

वॉर्ड ऑफिसातून माणूस आला, फ्लेक्सचा फोटो काढून गेला. चराकडे पाहिलंसुद्धा नाही, पण आला हे महत्त्वाचं. विनयाला म्हटलं, हॉस्पिटलची बॅग भरायला घे. तिने खरंच भरली. दोन गाऊन, टॉवेल, रिपोर्टांची फाइल. भरताना गुणगुणत होती.

५ डिसेंबर

मोबाइलवर मेसेज. चौदाही तक्रारी निकाली! ‘काम पूर्ण. पुरावा : नागरिकांनी लावलेला आभाराचा फलक.’ सोबत फोटो, त्यात मी हसतोय. यंदाच्या रस्त्यांच्या यादीतून आमची गल्ली वगळली. मागच्या गल्लीत आज रोलर फिरत होता. त्यांनी कुणाचेच आभार मानलेले नाहीत.

७ डिसेंबर

सोसायटीची सभा. सगळे तापलेले. "हे डोकं कुणाचं?" मी म्हणालो, कल्पना विनयाची, मी फक्त मांडली. फ्लॉईड माझ्याकडे बघत राहिला. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला कोण काय बोलणार? विषय तिथेच संपला. सुटलो.

जिना चढताना लाज वाटली. जेवण मात्र नेहमीसारखं गेलं.

९ डिसेंबर

शेजारच्या ज्ञानदाने विनयाला सभेतलं सगळं सांगितलं. विनयाने मला पोळ्या गरम वाढल्या. मग गासला, माहेरच्या गावी, भावाला फोन लावला.

१० डिसेंबर

बळीराम आला, तिचा धाकटा भाऊ. "ताई, चल घरा. विहिरीला पानी हाय, रिक्षा अंगनात येते." त्याने आणि फ्लॉईडने तिला खुर्चीत बसवून फळीवरून पलीकडे नेलं. मी खुर्चीला हात लावायला गेलो. बळीराम म्हणाला, "भाऊजी, तुमी राहू द्या." भरलेली बॅग तिने मांडीवर घेतली होती.

हवापालट होईल तिला. रस्ता झाला की आणायला जाईन. पंधरावी तक्रार लिहायला घेतलीय.

२२ डिसेंबर

विनयाचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. फ्लॉईड तिला भेटून आला. वॉकर घेऊन बळीरामच्या अंगणात चालते म्हणे. फोनवर मला रोज ‘बरी आहे’ एवढंच सांगायची.

मला आज कळलं.