लग्न वलगावले होतं

शेंदूरजनाघाट, १४ मे २०२५

चि. जीवनले ताईचे भरभरून आशीर्वाद.

फोनवर तू हो-हो म्हणून सुटतोस, म्हणून पत्र लिहून राहिली. तुयी आकांक्षा सुट्टीत आल्यापासून घराले घरपण आलं आहे.

पण परवा काय झालं आयक. माया चष्मा फुटला, म्हणून जानरावच्या पोरीची लग्नपत्रिका मी आकांक्षाकडून वाचून घेतली. तिनं तारीख, वेळ, गाव धडाधड सांगितलं. मी अन् तुये भाऊजी नटूनथटून वरुडले गेलो. एका कार्यालयात बँड वाजत होता, तिथंच शिरलो. दारावरची नावं मले दिसली नाहीत, अन् तुये भाऊजी पंगतीकडं पाहत होते. आहेराची साडी दिली, जिलेबी खाल्ली, मंग नवरीकडं पाहिलं तर ती आपली नव्हतीच! लग्न वलगावले होतं. पोरीनं नुसता 'व' पाहिला अन् वरुड ठोकून दिलं. साडी परत मागायची लाज वाटली.

घरी येऊन तिले जवळ घेतलं, तर रडाले लागली. म्हणे, वर्गात बाबा धडा म्हणतात अन् आमी सगळे मागून म्हणतो, एकटीले कोणी वाचाले लावतच नाही. जीवन, तिसरी झाली पोरीची. तिचा गुरुजी तूच ना?

रागव, पण ताईवरचा जीव कमी करू नको.

तुयी शकुनताई

जठारपेठ, अकोला, २० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना रूपाली जिलेबीपर्यंत हसली, पुढचं मात्र आईच्या काळजीनं दोनदा वाचलं. मला मात्र रागच आला. आकांक्षाला वाचनात 'अ' श्रेणी आहे, ती मीच दिली आहे. तिचे सगळे धडे तोंडपाठ आहेत. तुमच्याकडं बुजली असेल. रूपालीनं विचारलं, पाठ आहेत की वाचता येतात? मी ताटावरून उठलो.

सव्वीस पोरं, वर माहिती भरा, फोटो पाठवा. एकेकाला कधी बसवू? तरी शाळा उघडेपर्यंत तिला तुझ्याजवळच ठेव.

भाऊजींना नमस्कार. आहे तसाच लोभ असू दे.

तुझा जीवन

शेंदूरजनाघाट, १५ जून

चि. जीवनले आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली, मले कुठली पद्धत माहीत! पाटी दिसली की वाच, बियाण्याचं पाकीट दिसलं की वाच. अंदाजानं बोलली की मी फक्त बोट अक्षरावर परत ठेवत होती. पहिले आठ दिवस तिनं माया राग राग केला. काल तिनं औषधाच्या डब्यावरचं 'लहान मुलांपासून दूर ठेवा' एकटीनं वाचलं अन् डबा दूर सरकवून माह्याकडं पाहून हसली. मले रडू आलं.

तिले धाडून राहिली. पण तुया वर्गात अशी अजून किती आहेत, ते पाहून कळव. रूपालीले अन् तुले ताईची माया.

शकुनताई

अकोला, २० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीच पोरं यंदा चौथीत माझ्याकडं आली. एकेकाला व्हरांड्यात बोलावून न शिकवलेलं पान दिलं. सव्वीसपैकी अकरा जणांना वाचता येत नाही. एक पोरगा तर चित्र पाहून अख्खी गोष्ट रचून गेला, मूळ धड्यापेक्षा बरी. मी हसलो, मग मान वर करवेना. तीन वर्षं ही पोरं माझ्यापुढं बसली होती, ताई.

मुख्याध्यापक भगवंतराव म्हणाले, हा आकडा अहवालात लिहू नका. मी लिहिला. तिसऱ्या दिवशी ते पाचवीतल्या वाचता न येणाऱ्या पोरांची यादी घेऊन आले आणि हळूच म्हणाले, व्हरांड्यात अजून दोन सतरंज्या मावतील का? आता रोज पाऊण तास एकेक पोर आमच्याजवळ बसून वाचतं. अकरातले चार वाचायला लागले, सात बाकी आहेत. तू म्हणालीस ते खरं होतं.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी आकांक्षानं बोट ठेवून सगळं वाचलं. बापाची ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक तिला सापडली. मला दुरुस्त करू देत नाही. म्हणते, आत्यालाही दिसू दे.

ताई, माया राहू दे.

तुझा जीवन