खडूची केबिन

३ सप्टेंबर १९३५
शाळेचा राजीनामा देऊन आले. हेडबाई म्हणाल्या, घाई कसली, बोटीचं नक्की होऊ दे. मी हसले. बाईंना काय ठाऊक! ह्यांनीच सांगितलं, आता अडकून राहू नकोस, तयारीला वेळ हवा.
संध्याकाळी माजघरात ह्यांनी माझ्याच शाळेच्या खडूने फरशीवर केबिन आखून दाखवली. ह्यांच्या डॉक्टरीच्या परीक्षेसाठी विलायतेला जाताना तीन आठवडे राहायची जागा. एवढीशी! आपली कोठीची खोली मोठी. एकावर एक दोन बर्थ. वरचा म्हणून टेबल ओढलं. वरचा मी घेतला.

९ सप्टें.
रोज हे दवाखाना बंद करून आले की आमचा सराव. एकाने कपडे करायचे तेव्हा दुसऱ्याने बर्थवर पडून राहायचं, दोघं उभे राहिलो तर कोपराला कोपर. समुद्र खवळला की गोल खिडकी बंद. अंघोळ बाहेरच्या न्हाणीत, तीही खाऱ्या पाण्याची, साबणाला फेस नाही. अंथरूण घालायला परका पुरुष आत येणार. म्हटलं, मी माझं घालीन, त्याने बाहेर उभं राहावं. हे पोट धरून हसले.
नऊवारी नेसून टेबलावर चढायला जमलं.
सासूबाई रेघा ओलांडून जातात, पाय पडू देत नाहीत. म्हणे, सासूच्या घरात समुद्र आणलाय. पण चिडल्या नाहीत. मला नवल वाटलं.

२१ सप्टें.
ह्यांच्या ट्रंकांवर कंपनीच्या चिठ्ठ्या चिकटल्या. एक केबिनमध्ये जाणार, दुसरी बोटीच्या तळघरात. माझी कोरीच. विचारलं. म्हणाले, बंदरावर लावतात बायकांच्या.
बायकांच्या वेगळ्या लावतात? असेल.

दसरा
बोट सुटायची त्या दिवशी व्यतिपात. म्हणून भटजींनी आजच्या मुहूर्तावर प्रस्थान ठेवायला सांगितलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड ह्यांच्या उपरण्यात बांधून समोरच्या गोदाकाकूंच्या कोनाड्यात ठेवलं. म्हणजे निघाल्यासारखंच. जायच्या दिवशी तिथून उचलायचं आणि तसंच पुढे जायचं, घरात परत आणायचं नाही.
माझं? म्हटलं. हे म्हणाले, नवऱ्याच्यात बायकोचं आलंच की. सा.बा. आपट्याची पानं मोजल्यासारखी करत होत्या.
वेडंविद्रं येतंय मनात. पण सोनं वाटायचं होतं, राहिलं.

१२ ऑक्टो.
लिहितेच.
ह्यांचे स्नेही दिगंबरपंत मनमाडहून आले. तिथे रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर. पंतही त्याच परीक्षेला चाललेत एवढं मी ऐकून होते. मी चहा घेऊन आले तर पंत रेघांच्या आत उभे, खूश. टुणकन टेबलावर चढून बसले.
"वरचा बर्थ माझा हं डॉक्टर. आपलं आधीच ठरलंय."
मग माझ्याकडे वळून म्हणाले, वहिनी, काळजी नको, दोन वर्षं ह्यांना मी सांभाळतो.
माझा चेहरा पाहून खाली उतरले. त्यांचा काय दोष, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.
पंत गेल्यावर विचारलं. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझा उत्साह बघून सांगवेना. आणि आईजवळ कोणीतरी नको का?"
श्रावणापासून ठरलंय. सा.बा.ना माहीत. भटजींना माहीत. मग महिनाभर मला टेबलावर का चढवलंत?
राजीनामा का द्यायला लावला ते आता कळलं. नोकरी असती तर सासूपाशी कोण बसणार? केसाने गळा कापला माझा, आणि तोही हसत हसत.

१३ ऑक्टो.
शाळेत गेले. जागा भरली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, दुसरं काय. हेडबाईंनी 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, उपकार. येवल्याच्या मुलींच्या शाळेत बाई हव्यात, राहायला खोली देतात, म्हणाल्या. कळवते म्हटलं.
सा.बा.ना काय झालंय? घागर भरलेली कडेवर घेऊन जिना चढतात अजून.

१४ ऑक्टो.
जेवण नाही. ह्यांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ट्रंकेची किल्ली कुठाय विचारायला.
दुपारी माझ्या जुन्या चोळीच्या खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं. उरलेला खडूचा तुकडाही घातला. गोदाकाकूंकडे गेले, ह्यांच्या गाठोड्याशेजारी ठेवलं.
काकू घाबरल्या. "अगं, एकदा ठेवलं की निघावं लागतं. घरी नाही नेता यायचं."
माहीत आहे, म्हटलं.
कुठे जायचं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगणार काय?

१८ ऑक्टो.
हे गेले. दही हातावर मी घातलं नाही, सा.बा.नी घातलं. पत्र लिही, म्हणाले. माझे डोळे कोरडे, ह्यांचेच ओले. त्याचाही राग आला. ह्यांनी काकूंच्या कोनाड्यातून आपलं गाठोडं उचललं, शेजारी माझा खण दिसलाच असणार. थबकले. पण टांग्यात पंत बसलेले, गाडीची वेळ झालेली. नाशिकरोडकडे टांगा वळला. मागे बघायचं नसतं, बघितलं नाही.
सा.बा.नी ओलं फडकं दिलं, रेघा पूस म्हणून. तसंच ठेवलंय.
तिन्हीसांजेला काकूंकडे गेले. खण तिथेच. काकू म्हणाल्या, "येवल्याची मोटार सकाळी सुटते. हेडबाई भेटल्या होत्या मला."
मागून सा.बा. हाक मारत होत्या, दिवा लावायला ये, म्हणून. आवाज म्हातारीचा वाटला, पहिल्यांदाच. खण उचलला, तर पुन्हा आमच्या उंबऱ्यात यायचं नाही.
काकूंना म्हटलं, आजची रात्र खण इथेच असू द्या.