नाव माझं, गाडी अंजूरची

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी मेसेज. गाडीच्या कंपनीचा. पुढच्या डाव्या सीटच्या एअरबॅगमध्ये दोष, धडक बसली तर फुटून धातूचे तुकडे अंगात घुसू शकतात. फुकट बदलून देऊ. तोवर त्या सीटवर कोणाला बसवू नका. आधी वाटलं फ्रॉड. मग कंपनीच्या साइटवर चासी नंबर घातला. आपलीच. आपली कसली, वाटणीत कधीच अंजूरला धाकट्या दिरांकडे गेली. कागदावर तेवढी मी मालकीण.
आणि त्या सीटवर बसतं कोण? सासूबाई. त्या तिकडेच राहतात, गुडघ्यांमुळे मागे चढता येत नाही.

४, बुध.
ह्यांना सांगितलं. भाकरी मोडत होते, थांबले. "कर फोन त्याला." तुम्ही करा म्हटलं. परत भाकरी मोडायला लागले. गोडाऊनच्या जागेवरून भाऊभाऊ बोलत नाहीत, ठाऊक आहे. पण आई दोघांची ना? चुलीत घाला तो मानपान.
सर्व्हिस सेंटरला फोन. तिथली मुलगी, "मॅडम, गाडी कोई भी लेके आए, चलेगा. चेक करके पार्ट मंगवाएंगे." किती दिवस लागतील? "बोल नहीं सकते."

६, शुक्र.
जावेला, मनीषाला फोन. दुसऱ्यांदा उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणे, "ताई, आमी काय खुळे हाव? गाडी तिकडं नेली का तुमी कागद दाखवून ताब्यात घेनार. नाव तुमचंच हाय ना अजून!" मेसेज पाठवला, तर असले मेसेज कोनीबी बनवतं म्हणाली.
सासूच्या जिवावर कोण डाव खेळेल? दिवसभर भांडी आपटली.

८, रवि.
ह्यांना म्हटलं, आरटीओचे कागद करून टाकू, गाडी भाऊजींच्या नावावर. संशयच संपेल.
"ऱ्हाऊ दे ते नाव."
का? टीव्हीवरची नजर न काढता, "जागेचं मिटेपर्यंत कायतरी आपल्या हातात पाहिजे."
म्हणजे मनीषा बरोबर होती. आणि मी परवा तिच्या नावाने... लाज वाटली. एका जागी बसवेना. कपाट आवरलं, परत विस्कटलं.

१०, मंगळ.
ह्यांना न सांगता अंजूर. रिक्षाने. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करूनच नेले. भाऊजींनी उलटसुलट वाचले. "दादाला म्हायती हाय?" नाही म्हटलं. मनीषाने चहा ठेवला. चहा म्हणजे अर्धा तह. गाडी दाखवून आणतो म्हणाले.
सासूबाई मात्र, "मी पुढंच बसनार. शिवरात्रीला महादेवाला जायाचं हाय." त्यांना कोण समजावणार!

१२, गुरु.
भाऊजींचा फोन, स्वतःहून. दोष आहेच. "पार्ट न्हाय, वहिनी. आला का कळवू बोलले."
संध्याकाळी ह्यांना सगळं सांगून टाकलं. सह्यांचंही. ताटावरून उठले. उठू देत.

१५, रवि. महाशिवरात्र.
दोन दिवस अबोला आणि सकाळी हेच, "चल, महादेवाला जाऊन येऊ." का, ते विचारलं नाही.
देवळाबाहेर ती गाडी. भाऊजी सासूबाईंना मागे चढवतायत, गुडघा काही वळेना. हे गेले, दुसऱ्या दाराने आत शिरले, काखेत हात घालून ओढून घेतलं. बसल्या एकदाच्या. दोघे भाऊ घामाघूम, एकमेकांकडे बघेनात. आम्ही रिक्षा शोधायला वळलो, तर सासूबाई आतून ह्यांना, "रिक्षा कशाला रं? पुढं जागा रिकामी हाय, बस की."
"नको!" दोघेही एकदम ओरडले.
वाटणीनंतर पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. हसू आलं, डोळेही भरले. पण भाऊजींनी गाडी चालू केली, निघाले. आम्ही रिक्षाने घरी.
पार्टचा निरोप अजून नाही. कंपनीकडे नंबर माझाच, म्हणजे येईल तो माझ्याच फोनवर. मघापासून हे दोनदा विचारून गेले, "आला काय मेसेज?"