अण्णांचा सत्कार

प्रिय दिपालीताई,

म्हणजे चूक माझीच, असंच ना? मी चिडका, मी लांब बसून बोलतो, मला गल्लीतलं काय कळतंय. परवा फोनवर तू हे सगळं म्हणालीस आणि रडायला लागलीस. तू रडलीस की माझं तोंड बंद होतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून लिहितोय. सातवीला शाळा सुटली तेव्हापासून पेन धरलेला नाही, अक्षर कसंही आलंय, सांभाळून घे. पण कागदावर तुला मध्येच रडून मला गप्प करता येणार नाही.

येत्या गुरुवारी गल्लीच्या जेवणात आपल्या अण्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं तुम्ही ठरवलंत. अण्णा नको म्हणतायत, तर मी फोन करून त्यांना तयार करायचं. ताई, सत्कार कशाचा गं? माणूस रिटायर झाला की सत्कार होतो, पोरगी बोर्डात आली की होतो. मार खाल्ल्याचा सत्कार मी तरी ऐकलेला नाही. शाल कोण घालणार, गल्लीतला तो गणराजच का? जेवणात माईक त्याच्याच हातात असतो. म्हणजे ज्या हाताने मारलं त्याच हाताने नारळ. फोटो पण काढा, ग्रुपवर टाका.

तुझ्या जेवणाला मी नावं ठेवत नाही. पहिल्या जेवणाला आमटीच्या पातेल्यापाशी मीच उभा होतो. त्याआधी आपल्या भोसरीच्या गल्लीतून रोज काहीतरी चोरीला जायचं. कुणाचा जिन्याखालचा सिलेंडर, कुणाचा खिडकीत चार्जिंगला लावलेला मोबाइल, दाजींच्या गाडीची बॅटरी. पोलीस यायचे, लिहून घ्यायचे, चहा पिऊन जायचे. इकडच्या खोलीत लातूरचे, पलीकडे कोकणातले, वर बिहारची पोरं, आणि तुला एकाचं नाव पाठ होईपर्यंत तो खोली सोडून चाकणला गेलेला. भरदिवसा एक जण सिलेंडर खांद्यावर घेऊन सगळ्या गल्लीसमोरून चालत गेला आणि बघणाऱ्यांना वाटलं, कुणाचातरी पाहुणा असेल. तेव्हा तू घरमालकीण चतुराबाईंकडे जाऊन म्हणालीस, महिन्यातून एकदा गल्ली बंद करून सगळ्यांनी एकत्र जेवू. आणि नियम काढलास, आपल्या दारात बसायचं नाही, दुसऱ्याच्या दारात बसायचं. चतुराबाई म्हणाल्या, “व्हय गं पोरी, शेजारी बसून जेवल्यालं त्वांड इसरत न्हाई माणूस.”

चोऱ्या थांबल्या, हे मी कुठं नाकारतोय? इथं होसूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर माझ्याबरोबर एक सोलापूरचा आहे. त्याला मी तुमच्या पंगतीचे फोटो दाखवायचो. म्हणायचो, बघ भावा, ही माझी बहीण, हिने अख्खी गल्ली एका ओळीत बसवली.

पण जेवण ठेवलंत गुरुवारी. का, तर एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. तुम्हा सगळ्यांना वाटलं, गुरुवारी अख्खी भोसरी घरी असते. सिक्युरिटीवाल्याला कुठला गुरुवार गं? आई गेल्यावर तू अण्णांना गावाहून आणलंस, ते माझ्या डोक्यावर उपकार आहेत. पण जावयाच्या घरात बसून खाणार नाही म्हणून ते आठवड्याभरात मोशीला सोसायटीच्या गेटवर लागले. संध्याकाळी जायचे, सकाळी यायचे, दिवसभर तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचे. दर जेवणाचा डबा तू त्यांच्यासाठी काढून ठेवायचीस. गल्लीला त्यांचा डबा माहीत होता. माणूस माहीत नव्हता.

आणि त्या गुरुवारी त्यांनी गेटवरच्या जोडीदाराच्या, आबाजींच्या, हातापाया पडून दोन तास मागून घेतले. का, तर पोरीच्या पंगतीला एकदा तरी बसायचं. वर्दीत जेवायला कसं बसायचं म्हणून वर्दीचा शर्ट काढून पिशवीत ठेवला आणि साधा सदरा घातला. पुढून गल्ली मांडवाने बंद, म्हणून मागच्या बोळातून आले. खोलीला कुलूप. किल्ली तू आत खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवतेस, म्हणून त्यांनी गजातून हात घातला. वर्दी अंगावर असती तर कदाचित कुणी विचारलं असतं, काका कुठले. गणराजने आणि त्याच्या दोघा मित्रांनी काहीच विचारलं नाही, चोर समजून सरळ मारलं. अण्णा ओरडत होते, “अरे, मी दिपालीचा बाप हाय, दिपालीचा बाप!” तुझं नाव ऐकून ती पोरं म्हणाली, बघा, नावंसुद्धा पाठ करून येतात. तू भिंतीच्या पलीकडे जिलेबी वाढत होतीस. स्पीकर चालू होता, तुला ऐकू आलं नाही. हे मी मानतो. याच्याबद्दल मी तुला कधी काही बोललो का?

माझं भांडण दुसऱ्या दिवसाचं आहे. तू फोन केलास, “अण्णा मोरीत घसरले, हात मोडला, काळजी करू नको.” ताई, मी अजून गल्लीच्या ग्रुपमध्ये आहे. तुम्हाला काढायचं सुचलं नाही. व्हिडिओ मी आदल्या रात्रीच कॅन्टीनमध्ये पाहिला होता. खाली लिहिलेलं, ‘चोर पकडला, आपल्या एकीचा विजय’. त्याला टाळ्या किती, अंगठे किती. आपल्या अण्णांचं तोंड रक्ताने भरलेलं आणि खाली टाळ्या. थोड्या वेळाने कुणीतरी तो काढून टाकला, पण मी जेवणाच्या ताटावरून उठलो होतो. तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. खरं तू सांगशील म्हणून वाट बघत राहिलो.

आता तू म्हणतेस, पोलिसात गेलो तर जेवण बंद पडेल, परत सिलेंडर जायला लागतील, दाजी रात्रपाळीला असले की मी दोन पोरींना घेऊन एकटी असते. हे खरं आहे. खरं आहे म्हणूनच मला जास्त राग येतो. आणि गणराज म्हणतो, “काका, ओळख असती तर हात लावला असता का?” तुला त्यात माफी दिसते. मला एवढंच दिसतं की ज्याची ओळख नाही त्याला हात लावायचा, हे तुमचं आधीच ठरलेलं होतं. उद्या वरच्या बिहारच्या पोराचा बाप गावाहून आला तर? त्याला तर ‘दिपालीचा बाप’ असं ओरडतासुद्धा येणार नाही.

तर तुझं काम मी केलं नाही. अण्णांना फोन केला, पण सत्काराला बसा म्हणालो नाही. तेच बोलले. म्हणाले, “समाधाना, आधी गल्लीत मला कुणी वळखत नव्हतं, तवा मी बरा होतो. आता समदे वळखतात. दुकानावर गेलो की लेकरं बोट दाखवतात, ह्येच ते आजोबा. दिपाली ताट वाढती, पर माझ्याकडं बघत नाही. मला आता हितं राहवत नाही. तिला तू सांग, माझ्यानं सांगणं व्हायचं नाही.” मोशीला आबाजींच्या शेजारची खोली रिकामी आहे. प्लास्टर निघालं की सोसायटीवाले परत कामावर घेतो म्हणालेत. रागाने जात नाही, असं ते परत परत म्हणत होते. मी रागाने लिहितोय, ते वेगळं. गुरुवारच्या आत तू स्वतः त्यांना नेऊन सोड, दिवसाउजेडी, पुढच्या बाजूने, सगळ्यांसमोरून. मागच्या बोळातून नको. खोलीचं डिपॉझिट तुझ्या खात्यावर टाकतोय, दहा हजार. आणि वर दोनशे आहेत, ते माझे नाहीत, अण्णांनी टाकायला सांगितलेत, त्यांच्या नावाची जेवणाची वर्गणी. म्हणाले, पोरीचं जेवण माझ्यापायी बंद पडायला नको. मिळून दहा हजार दोनशे.

तुझाच, अजून रागात असलेला,
समाधान