रोज घेते

बाजवा,
ता. २२ एप्रिल, बुधवार

चि. योगू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. पप्पा बरे आहेत, टीव्हीपुढे आहेत. ऊन मरणाचं आहे. कैऱ्या आल्यात पण लोणचं घातलं नाही, वेळ नव्हता. का नव्हता ते पुढे येईल.

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि मग तू फोन ठेवतेस. म्हणून कागदावर लिहितेय. याचे फोटो काढून पाठवीन. सगळी पानं वाच, मगच फोन कर.

मागच्या बुधवारी म्हणालीस, थीसिस सोडते आणि नॉर्वेहून परत येते. कशाला येतेस? दोन वर्षं त्या बर्फात काढलीस ती शेवटच्या महिन्यात टाकून द्यायला? तुझ्या मॅडमनी विचारलं ते बरोबरच विचारलं. ब्लड प्रेशरची गोळी रोज घेता का, असं तू त्रेचाळीस बायकांना विचारलंस. एकेचाळीस म्हणाल्या, रोज घेते. आणि तूच दंडाला पट्टा बांधून मोजलंस तर निम्म्याहून जास्त जणींचं प्रेशर चढलेलं. मेळ कसा बसणार? तू म्हणतेस माझं मोजणं चुकलं, माझे प्रश्न चुकले.

तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं.

डिसेंबरात तू यायच्या आधी आठ दिवस मी घरोघर फिरले होते. एकेकीला सांगितलं, माझी मुलगी एवढ्या लांबून परीक्षेसाठी येतेय, नीट उत्तरं द्या, नाही-बिही म्हणू नका. मला वाटलं, बाईचं उत्तर चुकलं की मार्क तुझे कापणार. कौशल्या तर म्हणाली, "शालूबेन, चिंता नको करू. छोकरीला पहिल्या नंबराने पास करू." वर तू विचारत होतीस तेव्हा मी शेजारी चहा घेऊन बसलेली. कोणाची बिशाद होती नाही म्हणायची? तू मला दोनदा म्हणालीस, आई, तू बाहेर बस. मी म्हटलं, माझ्याच ओळखीच्या बायका, मी कशाला बाहेर बसू?

हे बायकांना सांगायला दोन दिवस जीभ उचलली नाही. शनिवारपासून परत फिरतेय. काम उरकलं की दुपारी एकेका घरी जाते आणि सांगते, मागे मी शिकवलं ते विसरा. खरं सांगा, नाहीतर माझी पोर नापास होते.

कौशल्या आधी हसली. मग म्हणाली, "रोज कशी घेऊ? ती लघवीची गोळी आहे. घेतली की दोन तासांत तीनदा जावं लागतं. खाखऱ्याच्या कारखान्यात आम्ही बारा जणी लाटतो. संडास एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली शेठच्या खिशात. त्याच्यापुढे तीनदा हात पसरू?" ती फक्त सुट्टीच्या दिवशी घेते. मांडवीत साडीच्या दुकानात उभी असते ती मृदुला. तिला रस्ता ओलांडून जावं लागतं, आणि परत येईपर्यंत मॅनेजर घड्याळ बघत बसतो. म्हणाली, "मावशी, एका गिऱ्हाइकासाठी पन्नास साड्या उलगडते, पण स्वतःसाठी दोन मिनिटं मागायला तोंड उघडत नाही."

सगळ्यांचं असंच आहे असं नाही. एक विसरते. दोघींना गोळीने खोकला येतो. एक नवऱ्याला देते, म्हणे त्याला जास्त गरज आहे. पण जाऊन आले त्या एकवीस घरांपैकी अकरा घरांत हेच, गोळी घेतली तर जायचं कुठे? तुझ्या फॉर्मात गोळी न घेण्याची चार कारणं छापली होती. त्यात हे नव्हतंच. तुला कुठून सुचणार? कोणी सांगितलंच नाही तुला.

मीही नाही सांगितलं.

तुझ्या थीसिसच्या पहिल्या पानावर तू मंदाकिनीकाकूंचे आभार मानलेत, ते तू मला वाचून दाखवलं होतंस. ते तसेच राहू देत. दांडिया बाजारात त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून तू इंग्रजी शिकलीस, हे मी कोणापुढेही म्हणेन. पण त्या घरी अठरा वर्षं मी पोळ्या करते, आणि अठरा वर्षांत त्यांच्या संडासात गेले नाही. जा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आपणच समजायचं असतं. सकाळी सहाला निघते ते दुपारी दोनला घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, या उन्हातसुद्धा. तू लहानपणी माझ्याबरोबर यायचीस तेव्हा घरून निघताना बळेच मोरीत पाठवायचे, लागली नसली तरी. तू चिडायचीस, आई किती कटकट करते. आठवलं?

माझ्या गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यामागे आहेत. भरलेली.

काल सकाळी मी गोळी घेतली. नऊ वाजता पोळीचं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि मंदाकिनीबाईंना म्हटलं, मला संडासला जायचंय. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग जा की. विचारायचं काय त्यात?" गेले. बाहेर आले तर त्या स्वतः फिनाईलची बाटली घेऊन दारात उभ्या. मी हात धुऊन पीठ पुढे ओढलं. पोळ्या केल्या. आज परत गोळी घेतली, परत गेले. आज दोनदा. उद्याही जाईन. फिनाईल संपेल, मी नाही थांबायची.

आता काम ऐक. मी जमवलेली उत्तरं चालणार नाहीत म्हणशील, ठाऊक आहे. मॅडमना सगळं सांग, माझा शहाणपणासुद्धा सांग. त्या हो म्हणाल्या की तूच परत विचार. रविवारी दुपारी तीनपासून बायका आपल्या घरी येतायत, तुझ्याकडे साडेअकरा वाजलेले असतील. एकेकीला आत बसवून फोन लावून देईन, दार लावून घेईन आणि मी बाहेर ओट्यावर पप्पांबरोबर बसेन. कान लावणार नाही. हे वचन. महिना लागला तर दर रविवारी बोलावीन. थीसिस पुरी करायची, तिकीट नंतर काढायचं.

तू बायकांची नावं लिहीत नाहीस, नंबर घालतेस. पहिला कागद माझा होता, विसरली नसशील. त्यावर तू लिहिलंयस, "रोज घेते." ते खोड आणि मला परत विचार. कौशल्याला ताई म्हणून विचारतेस ना, तसंच विचार. आई समजून सोडून देऊ नकोस.

रविवारी सगळ्यांत आधी आत बसणारी,
बाई नंबर १