बशीतली गोळी

आपा, उद्या आमच्याकडे भद्रावतीहून पाहुणे येणार आहेत, माझ्या लेकीला बघायला. मुलाला नोकरी आहे, कॉलनीत क्वार्टर आहे, माणसंही बरी वाटतात. तुम्ही तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची आणि येताना तुमच्या अंगणातल्या कापसाच्या ढिगात उड्या मारायची. आता ती माझ्याहून उंच झाली आहे. सकाळपासून मी घर झाडते आहे. एका खोलीतून दुसरीत जाईपर्यंत पहिलीत पुन्हा कोळशाची धूळ बसते. घुग्घुसच्या घरांना काय, पाहुणे येवोत की न येवोत. झाडता झाडता एकाएकी हातातला झाडू जड झाला आणि मी खाली बसले, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही हे वाचणार नाही एवढं मला कळतं. डोकं फिरलं होतं तेव्हाही मेलेली माणसं मेलेली आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, घोळ होता तो जिवंतांचाच.

ही लेक झाली आणि माझी झोप गेली. झोपेपाठोपाठ भूक गेली, आणि मग मला वाटायला लागलं की पाळण्यातलं बाळ माझं नाही, माझं कोणीतरी खाणीत नेऊन ठेवलं आहे. दुपारी खाणीत सुरुंगाचा आवाज झाला की मी तशीच, केस मोकळे, चोळी दुधानं ओली, दाराकडे धावायची. घरच्यांनी आधी विळी लपवली, मग कात्री, मग माचिस आणि रॉकेलचा डबा. शेवटी बाळ लपवलं. ते सासूजवळ, आतून कडी लावलेल्या खोलीत झोपायचं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात उतारेपातारे मानत नाहीत. सासरे हे साऱ्या गल्लीला ठणकावून सांगायचे, आणि मला मात्र गपचूप कुठल्याशा गावी लिंबू उतरवायला घेऊन गेले. त्यानं काही झालं नाही, तेव्हा नवऱ्यानं खाणीतून रजा काढून मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आले ती गोळ्या घेऊन. बाळ माझंच आहे हे आता कळत होतं, पण ते हातात द्यायला कोणी तयार नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि सासू माझ्या बाळाला बाटलीनं दूध पाजताना बघत राहायची. त्याहून वाईट दिवस मी पुढे पाहिले असतील, पण आठवायला गेलं की हेच आठवतात.

आणि तेव्हा तुम्ही आलात. तुमच्या घरी पिंजाऱ्याचं काम, आमची जुनी गादी तुमच्याकडे पिंजायला गेली होती. ती पोचवायला एरवी तुमचे मालक यायचे, त्या दिवशी तुम्ही आलात. मी उंबऱ्यावर होते. तुम्ही माझे कोरडे ओठ पाहिलेत, थरथरती बोटं पाहिलीत, आणि गादी खाली ठेवायच्या आधीच सासूला म्हणालात, "इले माह्याकडे पाठव. रजईले टाके घालाले हात पायजेत मले."

"आपा, इचं डोकं ठीक नाई," सासू हळूच म्हणाली.

"माह्यं कुठी ठीक होतं? मी तं लेकरू घेऊन विहिरीवर गेली होती. पूर्ण मोहल्ल्याले माहीत हाय."

दारात शेजारणी उभ्या होत्या. तुम्ही हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंत आणि वर पाणी मागितलंत. इतके महिने सगळे माझ्याविषयी कुजबुजत होते, आणि ही बाई स्वतःविषयी मोठ्यानं बोलत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर करून कोणाकडे तरी पाहिलं.

तुमच्या पुढच्या खोलीत रजई जमिनीवर पसरलेली असायची. चारी बाजूंनी बायका बसायच्या आणि कडेपासून टाके घालत घालत मधोमध सरकायच्या. रजईचं एक बरं असतं, सगळ्यांनी खाली बघायचं असतं. कोणाच्या तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही. बसणाऱ्या काही ठणठणीत होत्या, काही माझ्यासारख्या. कोण कोणातली हे मला कितीतरी दिवस कळलं नाही. तुम्ही कोणाला 'कशी आहेस' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. "झोप लागली काय?" एवढंच विचारायच्या. नाही म्हटलं तर "मलेबी लय दिवस नाई लागली" म्हणायच्या आणि सुईत दोरा ओवून पुढे करायच्या. नागपूरचे डॉक्टर चांगले होते, समजावून सांगायचे, मी मान हलवायची. पण त्यांना स्वतःला रोज झोप लागत होती. तुमचं मी मानलं, कारण तुम्ही तिथून परत आला होता. एकदा मी विचारलं, मी बरी होईन काय? तुम्ही टाका पुरा केलात आणि म्हणालात, "बरी म्हणजे काय होते वो? भूक लागते, झोप लागते, आपलं लेकरू ओळखू येते. आणखी काय पायजे तुले?"

दुपारी चहा यायचा आणि चहाबरोबर गोळ्यांची वेळ व्हायची. तुमची गोळी तुमच्या पानदानात, सुपारीच्या शेजारी असायची. तुम्ही ती काढून बशीत, कपाच्या कडेला ठेवायच्या, आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकायच्या. ज्यांना गोळी नव्हती त्यांच्या बशीत बिस्किट. मी पहिल्या दिवशी माझी गोळी मुठीत लपवून आणली होती आणि पदराआड तोंडात टाकायला गेले.

"काऊन वो, चोरी केली काय तुनं?"

मी मूठ आणखी घट्ट मिटली.

"बशीत ठेव. चोरून खाशील तं चोरासारखीच राहशील. आणि एक दिवस, कोणी पाह्यते म्हणून खाणंच सोडून देशील."

"लोक पागल म्हणतात, आपा."

"म्हणू दे. गोळी खाते म्हणून तं इथी बसून राह्यली मी. नाई तं विहिरीतच होती."

बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता इतकी रडले की माझा चहा गार झाला. तुम्ही दुसरा मागवलात.

मग तो कात्रीचा दिवस. माझी टाक्यांची ओळ पुरी झाली होती, दोरा कापायचा होता. मी शेजारी असले की बाकीच्या बायका दोरा दातानं तोडायच्या, कात्री तुमच्या मांडीखाली असायची, आणि हे सगळं मला दिसत नाही असं मीही दाखवायची. त्या दिवशी तुम्ही कात्री काढलीत आणि रजईवरून माझ्याकडे सरकवलीत. "काप," म्हणालात. सगळ्या सुया थांबल्या. मी दोरा कापला आणि कात्री परत सरकवली. दारात सासू उभी होती, मला न्यायला आलेली. तिनं पाहिलं. तुम्ही मान न वळवता तिला म्हणालात, "पाह्यलं ना? आता लेकरू दे इले." त्या दिवशी तिनं दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती बाळाला कडेवर घेऊन तुमच्याकडे आली आणि रजईच्या मधोमध, माझ्यासमोर ठेवलं. मी उचलून मांडीवर घेते न घेते तोच ते मुतलं, माझ्या लुगड्यावर आणि गिऱ्हाइकाच्या कोऱ्या रजईवर. तुम्ही इतक्या हसलात की पानाची पिंक गिळावी लागली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता विचारलं तर मी तोच सांगेन, आणि तो तुम्ही दिलेला आहे, म्हणून पुढचं लिहिणं जड जातं.

तुमच्या मुलीची सोयरीक सिंदेवाहीला ठरली आणि चहाच्या वेळी तुमचं पानदान दिसेनासं झालं. बशीत नुसता कप. मी विचारलं तर तुम्ही आधी ऐकलं नाही असं केलंत. पुन्हा विचारलं.

"व्याही येऊन राह्यले ना. गोळीनं हात थरथरते, जबान जड होते. समधन विचारेल, काऊन म्हणून. निकाह होऊ दे, मंग सुरू करीन."

"आपा, असं करू नका. तुम्हीच तर आम्हाले..."

"पोरीले कोणी पागलची पोरगी म्हणाले नाई पायजे," तुम्ही म्हणालात, आणि मग हसून, "तू मले शिकवतं काय?" लग्नात तुमचे हात स्थिर होते. समधनीच्या हातात सरबताचा ग्लास देताना एक थेंब सांडला नाही. चेहऱ्यावर तेज आलं होतं, जीभ चुरूचुरू चालत होती. आम्ही रजईवाल्या सगळ्या तुमच्याकडे बघत होतो आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. गोळी सोडली की आधी असंच फार बरं वाटतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी आम्हाला तुमचा अभिमान वाटला.

लग्न झालं. मग समधन राहायला आली, मग मुलीला पहिल्यांदा दिवस गेले, मग तुम्ही सिंदेवाहीला गेलात. सुरू करायची वेळ काही आली नाही. पुढचं मला तुमच्या मुलीनं सांगितलं. झोप गेली होती. मुलगी तुमच्यासमोर बसून भाकरी थापत होती आणि तुम्ही तिलाच विचारत होता, माझी पोरगी कुठी आहे, ती जंगलातून हाका मारते आहे. एका सकाळी सगळ्यांची नजर चुकवून तुम्ही निघालात. भर उन्हाळ्याचे दिवस होते. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांना तुम्ही झाडाखाली सापडलात, चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. उन्हानं गेल्या, असं सगळ्यांनी ठरवलं. तुम्हाला घुग्घुसला आणलं, दफनाला पुरुष गेले. आम्ही बायका तुमच्या पुढच्या खोलीत बसून होतो, मधोमध एक रजई अर्धी शिवलेली पसरली होती, आणि एकीनंही सुई उचलली नाही.

मला तुमचा राग येतो, आपा. इतकी वर्षं झाली, तो कमी होत नाही. तुम्ही एकट्या गेल्या नाहीत. मी बरी होऊ शकते हे मला ज्या एका माणसाकडे बघून पटलं होतं, तेच माणूस चपला काढून झाडाखाली जाऊन पडलं. तेव्हापासून प्रत्येक चांगल्या दिवशी मला वाटतं, हा उसना आहे. लोक म्हणतात, धीर धर. धीर मला तुमच्याकडून मिळाला होता, आता कुठून आणू?

तरी मी काही वर्षं ते चालवलं. रजया कोणी शिवून घेत नाही, बाजारात मऊ ब्लँकेटं मिळतात. म्हणून माझ्या पडवीत बायका तांदूळ निवडायला बसायच्या. खाली बघायचं काम पाहिजे, एवढंच. चहाच्या बशीत गोळ्या मी ठेवायची, तुमच्यासारख्या. एकीला नवऱ्यानं माहेरी टाकलं, एकीच्या घरच्यांनी येणं बंद केलं, एक नुसतीच यायची थांबली आणि मी चौकशी करायला गेले तर दार उघडलं नाही. आता एकच येते, एका ट्रकवाल्याची तरुण बायको. गेल्या खेपेला तिनं विचारलं, "बाई, तुमाले ज्या आपानं बरं केलं, त्या कशानं गेल्या?" मी म्हटलं, "उन्हानं." ती बरं म्हणाली आणि तिनं बशीतली गोळी तोंडात टाकली. मी तांदळातले खडे शोधत राहिले.

काल लेक साडीला फॉल लावत होती. वर न बघता म्हणाली, "आई, ते गोळ्याची डबी उद्या आत ठेवशील काय?"

"आत म्हणजे कुठी?"

"कुठीबी. त्याईले दिसाले नाई पायजे. आणि त्या ट्रकवाल्याच्या बायकोले उद्या येऊ नको म्हण." मग जरा वेळानं, "चाय मीच देईन. तू नको उठू."

तिचं काही चूक नाही. तुमच्या रजईवर मुतलेली पोर ती, तिला सगळं माहीत आहे. तिनं कधी माझी लाज धरली नाही, पण उद्याचा दिवस तिचा आहे. समधनी काय विचारतात ते मीही ऐकलेलं आहे. मला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. मी हो म्हटलं.

डबी मी तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवली आहे. हा कागदही लेक यायच्या आत फाडून टाकीन. मघाशी दुपारची गोळी घेतली, आपा. बशीत ठेवली नाही. आतल्या खोलीत जाऊन, कडी लावून, मुठीतून घेतली. घेतली मात्र, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. उद्या सकाळच्या गोळीचं मला अजून माहीत नाही. उद्या मुलाच्या आईसमोर माझे हात थरथरू नयेत असं मला फार वाटतं आहे.