जायान्तो-सान

नागोया, ४ मे

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

बाबा अजून फोनवर येत नाहीत, म्हणून कागद-पेन घेतलं. पाकीट तुझ्या नावाचं असलं तरी फोडतील तेच, हे ठाऊक आहे. घराजवळची, हजीऱ्याची चालून आलेली नोकरी सोडून मी इथे आले, म्हणून ते मला स्टेशनवर सोडायलाही आले नाहीत. त्याचा मला राग आहे आणि त्यांची आठवणही तितकीच येते.

आता गंमत. परक्यांची नावं इथे काताकाना नावाच्या वेगळ्या लिपीत लिहितात. अर्जावर मी सुरतच्या शाळेत लिहायचे तसंच लिहिलं होतं: आधी आडनाव, मग माझं नाव, शेवटी बाबांचं. ऑफिसला वाटलं, परदेशी माणसाचं आडनाव शेवटीच असणार. पहिल्याच दिवशी टेबलावर पाटी तयार होती, ‘जायान्तो’, म्हणजे बाबांचं जयंत! सान म्हणजे आपलं ‘राव’ समज. दिवसभर जायान्तो-सान, जायान्तो-सान अशा हाका येतात आणि बाबाच आले की काय म्हणून मी दचकते. परवा तर साहेबांनी भर मीटिंगमध्ये, जायान्तो-सान कधी म्हणजे कधी चिडत नाहीत, असं कौतुक केलं. एवढं घरात मोठ्याने वाचून दाखव.

तुझी माया आहे तशीच राहो.
तुझी,
ऋचा

सुरत, २० मे

चि. ऋचास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, अर्थात फोडलेलंच. न चिडण्याचं वाक्य वाचून पराग इतका हसला की तुझ्या या भाऊरायांच्या हातातली नाश्त्याच्या लोचोची बशी कलंडली. बाबा हसले नाहीत. पण त्या लिपीचा तक्ता त्यांनी परागकडून छापून घेतला आणि आता जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःचं नाव गिरवतात. तापीकाठी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगतात, जपानात माझ्या नावावर ऑफिस चालतं. शेजारच्या मनीषाबेन म्हणाल्या, “काका तो मोटा माणस थई गया.” माझं नाव तिथे ‘बान्दाना’ होतं म्हणे. नको बाई, मी आपली वंदनाच बरी.

तुझा फोन आला की मात्र बाबा अजूनही गॅलरीत जाऊन उभे राहतात. म्हणून सांगते, पाटी आहे तशी राहू दे. आत्ताच कुठे जरा निवळलेत. त्यांचं नाव काढून टाकलंस तर पुन्हा अबोला धरतील.

वेळेवर जेव आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझी,
आई

नागोया, ८ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

या खेपेला पाकिटावरही तुमचंच नाव आहे. मी केलेलं पंपाचं पहिलं डिझाइन पुढच्या महिन्यात कारखान्यात जातंय. त्याच्याखाली करणाऱ्याचं नाव छापतात. मी चूक सांगितली तर ऑफिस नाव बदलून देईल. आई म्हणते, राहू दे. तुमचं नाव काढायला माझं मन होत नाही, पण तिथे माझं नाव असावं असंही फार वाटतं. तुम्ही पुन्हा रुसाल या भीतीने अजून गप्प बसले आहे. तुम्ही म्हणाल तसं करीन, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तुम्ही हो म्हणावं असं मला वाटतं.

लोभ कमी करू नका.
तुमची,
ऋचा

सुरत, २५ जून

चि. ऋचास,
अ. आ.

तुझ्या आईने माझा स्वभाव जरा जास्तच रंगवलेला दिसतो. फोनवर येत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की ‘परत ये’ म्हणेन, आणि ते मला आता म्हणायचं नाही. तुझ्यावाचून घरात करमत नाही, एवढंच.

नाव ताबडतोब बदलून घे. काम तू केलंस, खाली मी कशाला? शिवाय जयंत खांबेटे कधी चिडत नाहीत अशी ख्याती झाली, तर ती निभावणं मला झेपायचं नाही.

आणखी एक अडचण आहे. काल मी आणि तुझी आई पासपोर्टचा अर्ज देऊन आलो. दिवाळीनंतर यायचं म्हणतो. तुझ्या ऑफिसात एकदम दोन जायान्तो-सान उभे राहिले तर तुझ्या साहेबांनी हाक कोणाला मारायची?

माया आहेच, ती लिहायला लागू नये.
तुझा,
बाबा